लँकेस्टरमधली एक कबर आणि थॅडियस स्टीव्हन्स

मुळशीकर
मी पेनसिल्व्हेनियात राहतो. गेल्या रविवारी लँकेस्टरला गेलो होतो. चेस्टनट आणि मलबेरी या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, घरांच्या दाटीत एक जुनी लहानशी दफनभूमी आहे. तिथे थॅडियस स्टीव्हन्सची कबर आहे. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा खासदार, गुलामगिरीचा कट्टर विरोधक. दगडावर कोरलेला मजकूर वाचता वाचता मी तिथेच थांबलो. तो आपल्या भाषेत साधारण असा होईल:

"या शांत, एकाकी जागी मी विसावलो आहे तो एकांताची आवड आहे म्हणून नव्हे. इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आहे असं दिसलं म्हणून मी ही जागा निवडली. जे तत्त्व दीर्घ आयुष्यभर मांडलं तेच माझ्या मृत्यूनेही दाखवून देता यावं म्हणून: निर्मात्यापुढे सर्व माणसं समान."

११ ऑगस्ट १८६८ ला वॉशिंग्टनमध्ये तो गेला, वय ७६. अब्राहम लिंकनबद्दल आपण शाळेपासून ऐकतो, पण हा माणूस मला चाळिशीनंतर भेटला याची खंत वाटते. अमेरिकेच्या राज्यघटनेची १३ वी दुरुस्ती (गुलामगिरी बंद) आणि १४ वी दुरुस्ती (कायद्यापुढे समान संरक्षण) प्रतिनिधीगृहातून पार पडल्या त्यात त्याचा वाटा फार मोठा. जून १८६६ मध्ये १४ व्या दुरुस्तीवर शेवटचं मतदान होतं. मसुदा त्याच्या मनासारखा नव्हता. सभागृहात उभं राहून त्याने तसं सरळ सांगितलं. मग इतका अपुरा प्रस्ताव का स्वीकारतोस, असा प्रश्न स्वतःच केला आणि उत्तर दिलं, कारण मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो.

मला विचारायचंय ते हेच. त्या दिवशी हाती येत होतं ते पदरात पाडून घेतलं, हे त्याने बरोबर केलं का?

पुस्तकवेडी
फार सुंदर विषय. थोडी पार्श्वभूमी द्याल का? माझ्यासारख्यांना नावसुद्धा माहीत नव्हतं.

मुळशीकर
@पुस्तकवेडी, देतो की. जन्म ४ एप्रिल १७९२, व्हरमाँटमधलं डॅनव्हिल. जन्मतः एक पाय वाकडा. बाप घर सोडून गेला, आई सेराने चार मुलं वाढवली. मुलांना शाळा मिळावी म्हणून तिने पीचम गावी बिऱ्हाड हलवलं. डार्टमथ कॉलेजातून १८१४ ला पदवी, मग पेनसिल्व्हेनियात मास्तरकी करता करता वकिलीचा अभ्यास, १८१६ पासून गेटिसबर्गमध्ये वकिली. (हो, तेच गेटिसबर्ग. गुलामगिरी टिकवायला दक्षिणेतल्या राज्यांनी बंड केलं, त्या यादवी युद्धातली लढाई पुढे १८६३ ला इथे झाली.) १८३३ ला राज्याच्या विधिमंडळात, १८४२ ला लँकेस्टरला मुक्काम, १८४९ ते ५३ व्हिग पक्षाचा खासदार, १८५९ पासून मरेपर्यंत रिपब्लिकन. युद्धाच्या काळात अर्थविषयक समितीचा अध्यक्ष, म्हणजे सैन्याचा पगार, कर, कागदी नोटा, सगळं त्याच्या हातून जायचं.

वकीलसाहेब_सातारा
त्याच्या वकिलीतलं एक प्रकरण इथे यायलाच हवं. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर नावाच्या गुलाम बाईने सुटकेसाठी दावा लावला होता. ती मेरीलँडच्या मालकाची, पण मालकाबरोबर पेनसिल्व्हेनियात येऊन राहायची. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने तिथे सहा महिने ठेवलेला गुलाम मुक्त होई. स्टीव्हन्सने मालकाच्या बाजूने वकीलपत्र घेतलं आणि युक्तिवाद केला की सहा महिने सलग हवेत, तुटक मुक्कामांची बेरीज चालणार नाही. कोर्टाने मान्य केलं. ती बाई आणि तिची मुलं गुलामीत राहिली.

तो जिंकला. पुढे अनेक पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रं त्याने घेतली, १८५१ च्या क्रिस्टियाना प्रकरणात (पळालेले गुलाम पकडायला आलेल्या मालकाला त्या गावात लोकांनी विरोध केला ते) देशद्रोहाच्या आरोपींच्या बचावात उभा राहिला आणि पहिला आरोपी कॅस्टनर हॅनवे निर्दोष सुटला. पण चॅरिटी बटलरला त्याचा काय उपयोग? मला तो माणूस मोठा वाटतो, आणि हे प्रकरण वाचलं की गळ्याशी येतं. दोन्ही खरं आहे.

निशिगंध७९
बाप रे. हे माहीत नव्हतं. सलग आणि तुटक या दोन शब्दांवर एका बाईचं आयुष्य.

देशमुख_आजोबा
मी निवृत्त मुख्याध्यापक. मला या माणसाचं आकर्षण वेगळ्याच कारणाने आहे. पेनसिल्व्हेनियात १८०९ च्या कायद्याने गरिबांच्या मुलांची फी सरकार भरायचं, पण त्यासाठी आईबापांनी आपण गरीब आहोत अशी नोंद करावी लागे. १८३४ मध्ये सर्वांसाठी मोफत शाळांचा कायदा आला. कर वाढणार म्हणून लोक चिडले. पुढच्याच वर्षी तो रद्द करायचं घाटलं, सिनेटने तसं मतही दिलं. स्टीव्हन्सच्या मतदारसंघातलेही लोक रद्द करा म्हणत होते. ११ एप्रिल १८३५ ला तो उभा राहिला आणि म्हणाला की या जुन्या पद्धतीला गरिबांवर डाग देऊन त्यांना वेगळं ओळखू येण्याचा कायदा असंच नाव द्या. कायदा वाचला.

आता हे वाचताना मला काय आठवलं सांगू? नादारी. आमच्या काळी शाळेत नादारीचा अर्ज असायचा. वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षक मोठ्याने नावं वाचायचे, "नादार विद्यार्थी उभे राहा". मी उभा राहायचो. पहिल्या बाकावर बसायचो, त्यामुळे मागे सगळा वर्ग. फी माफ व्हायची, खरं आहे, पण ते उभं राहणं साठ वर्षांनंतरही लक्षात आहे. मुख्याध्यापक झाल्यावर पहिल्या दिवशी मी ती नावं वर्गात वाचणं बंद केलं. तेव्हा स्टीव्हन्स हे नाव ऐकलेलं नव्हतं.

सुमेधा_क
आजोबा, हा प्रतिसाद वाचून डोळ्यात पाणी आलं.

रानवारा
आजोबांना साष्टांग. माझ्या आईलाही नादारी होती, ती त्याविषयी कधीच बोलली नाही. आज विचारते.

अवलिया_ठाणे
जरा दुसरी बाजू मांडतो. स्टीव्हन्स सूडबुद्धीचा होता असं मी वाचलं होतं. दक्षिणेला गुडघ्यावर आणायचं, त्यांच्या जमिनी काढून घ्यायच्या, सैन्य बसवायचं. बंडखोर सैन्याने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला त्याचा राग काढला म्हणतात.

मुळशीकर
@अवलिया, कारखाना जाळला हे खरं. जून १८६३, कॅलेडोनिया, जनरल जुबल अर्लीचं सैन्य. पण तारखा बघा. १८३७-३८ च्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटना परिषदेत मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना ठेवला म्हणून त्याने त्या घटनेवर सही करायला नकार दिला होता. म्हणजे कारखाना जळण्याच्या पंचवीस वर्षं आधी त्याची भूमिका हीच होती. आणि जळाल्यावर त्याने एका पत्रात लिहिलं की माझ्या नुकसानीचं मला क्षणभरही वाईट वाटलं नाही, देशात गुलामगिरीचा मागमूस उरला नाही तर हा सौदा स्वस्तच म्हणेन.

तुंगभद्रा
सूडबुद्धीची प्रतिमा कुठून आली तेही बघायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा इतिहास लिहिला तो असा की काळ्यांना मत देणं हीच घोडचूक. १९१५ च्या एका गाजलेल्या मूकपटात स्टीव्हन्सवर बेतलेलं पात्र खलनायकासारखं रंगवलं. काळे इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ मध्ये या सगळ्याला सविस्तर उत्तर दिलं, पण शाळांची पुस्तकं बदलायला आणखी कितीतरी वर्षं गेली.

एक नोंद: डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, तेव्हा डनिंग तिथेच प्राध्यापक होते. आणि पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी दु बॉइस यांना पत्र लिहिलं, अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास आवश्यक आहे, अशा आशयाचं. दु बॉइस यांनी उत्तरही दिलं.

वऱ्हाडी_ठेचा
थोडं विषयांतर, पण संबंध हाय. हे युद्ध चाललं १८६१ ते ६५. तिकडला कापूस बंद झाला अन् मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईकडे पाहू लागल्या. आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा चालला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, बँक ऑफ बॉम्बेसुद्धा बुडाली. कर्ज काढून बसलेल्या शेतकऱ्याचं काय झालं असंल ते सांगाले नको. तिकडं गुलाम सुटले त्याच वर्षी इकडं सावकाराचा फास आवळला. इतिहास असा एकमेकांत गुंतलेला असतो, मंग आपण म्हणतो अमेरिकेचं आपल्याले काय.

पुस्तकवेडी
विषयांतर नाही हो, हे तर हवंच होतं. माझ्या डोक्यात ही दोन वेगळी प्रकरणं होती.

कौस्तुभ_बॉस्टन
वातावरण जरा हलकं करतो. स्टीव्हन्सची जीभ फार तिखट होती. सायमन कॅमेरॉन नावाचा पेनसिल्व्हेनियाचा पुढारी, हाताचा चलाख म्हणून प्रसिद्ध. लिंकनने स्टीव्हन्सला विचारलं, तो चोरी करेल का? स्टीव्हन्स म्हणाला, तापलेली लाल शेगडी तेवढी चोरणार नाही. कॅमेरॉनच्या कानावर गेलं, तो खवळला, शब्द मागे घ्या म्हणाला. स्टीव्हन्स पुन्हा लिंकनकडे गेला: "तो तापलेली शेगडी चोरणार नाही असं मी म्हणालो होतो. ते विधान मागे घेतो."

निशिगंध७९
😂😂 हे आमच्या नगरपालिकेत उद्याच वापरणार.

सुमेधा_क
तो विगही घालायचा ना? एका चाहतीने आठवण म्हणून केसांची बट मागितली तर त्याने अख्खा विग काढून तिच्या हातात दिला, असा किस्सा सांगतात.

मला लिडिया हॅमिल्टन स्मिथबद्दल लिहायचंय. मिश्र वंशाची विधवा बाई. १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून तो मरेपर्यंत त्याचं घर तिने सांभाळलं. विरोधकांची वर्तमानपत्रं दोघांबद्दल वाटेल ते छापत होती. तो तिला कायम 'मिसेस स्मिथ' म्हणायचा, आल्यागेल्यानेही तसंच म्हणावं ही त्याची अपेक्षा. ज्या काळात काळ्या बाईला कुणीही नुसत्या नावाने हाक मारायचं त्या काळात. मृत्युपत्रात त्याने तिच्यासाठी पैसे ठेवले आणि तिने त्याचं लँकेस्टरमधलं घर विकत घेतलं. तिच्या स्वतःच्या नावावर आधीपासून मालमत्ता होती. तिला घरकाम करणारी बाई म्हणून एका ओळीत उरकू नये एवढंच.

मुळशीकर
@सुमेधा, खूप आभार. मूळ लेखात तिचं नाव यायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं.

दापोलीचा_बंड्या
जमिनीचं काय? चाळीस एकर म्हणतात ते हेच का?

वकीलसाहेब_सातारा
@बंड्या, हेच. आधी जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढला, दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन. कुटुंबं बसली, नांगरट सुरू झाली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला, त्याने बंडखोरांना माफ्या वाटल्या आणि जमिनी मूळ मालकांकडे परत गेल्या.

स्टीव्हन्सने ६ सप्टेंबर १८६५ ला लँकेस्टरमध्ये भाषण केलं. ज्या बंडखोरांकडे २०० एकरांहून जास्त जमीन किंवा १०,००० डॉलरची मालमत्ता आहे त्यांच्याच जमिनी घ्यायच्या, छोट्या शेतकऱ्याला हात लावायचा नाही. त्याच्या हिशेबाने हे क्षेत्र ३९ कोटी ४० लाख एकर भरत होतं. त्यातून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर दिले तरी लागणार होते फक्त ४ कोटी एकर. उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडायचं. मार्च १८६७ मध्ये त्याने विधेयकही आणलं. त्याच्याच पक्षाने साथ दिली नाही. एकदा खाजगी जमिनीला हात लावला की उद्या आपल्या गिरणीपर्यंत येतील ही भीती होती.

दापोलीचा_बंड्या
मग पुढे ते लोक काय करत होते?

वकीलसाहेब_सातारा
जुन्याच मालकाच्या शेतात वाट्याने. बी, अवजारं, किराणा उधार, सुगीनंतर हिशेब, हिशेबात नेहमी बाकी.

दापोलीचा_बंड्या
अरे देवा. म्हणजे खोतीच. माझे पणजोबा खोताचं कूळ होते. बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं होतं ते आमच्या घरात अजून सांगतात. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला आणि आजोबांच्या नावावर पावणेदोन एकर लागले. वरकस जमीन, पण सातबारावर नाव. आजोबा तो उतारा देवघरात ठेवायचे. आम्हा मुलांना हात लावू द्यायचे नाहीत. वडील शिकले ते त्या पावणेदोन एकरावर. त्यामुळे माझं म्हणणं, स्टीव्हन्सला कळत होतं. मत दिलंत आणि जमीन दिली नाहीत तर मालक मतदानाच्या दिवशी दारात येऊन उभा राहणार.

तुंगभद्रा
+१. आणि तसंच झालं. १८७७ ला दक्षिणेतून सैन्य हटलं, मग मताचा हक्कही हळूहळू हिरावून घेतला.

अवलिया_ठाणे
वरचे प्रतिसाद वाचून मी माझं सूडबुद्धीचं विधान मागे घेतो. शेगडीसारखं नाही, खरोखर. 🙂 पण जॉन्सनवरच्या महाभियोगाचं काय? तो तरी राग नव्हता का?

कौस्तुभ_बॉस्टन
राग होताच, आणि का नसावा? जॉन्सनने नागरी हक्कांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला, पुनर्रचनेच्या कायद्यांवर वापरला, शेवटी कायदा डावलून युद्धमंत्री स्टँटनला काढलं. २४ फेब्रुवारी १८६८ ला प्रतिनिधीगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. स्टीव्हन्स तेव्हा इतका खंगला होता की त्याला खुर्चीत बसवून सभागृहात उचलून आणत. उचलणाऱ्या दोघांना तो म्हणे, तुम्ही दोघं मेल्यावर मला कोण उचलणार? १६ मे ला सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९. दोषी ठरवायला ३६ हवे होते. एका मताने जॉन्सन वाचला आणि स्टीव्हन्स तीन महिन्यांत गेला.

कॅपिटॉलच्या घुमटाखाली त्याचं पार्थिव ठेवलं होतं, पहाऱ्यावर काळे सैनिक. त्याआधी तो मान फक्त हेन्री क्ले आणि लिंकनला मिळाला होता. लँकेस्टरच्या पक्षाने तर तो गेल्यावरही त्यालाच उमेदवारी दिली.

गोदाकाठ
मला मूळ लेखातल्या कबरीवर बोलायचंय. मी मराठवाड्यातला. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे दोन स्मशानं आहेत. एकाला पत्र्याची शेड, सिमेंटचा रस्ता, पाण्याची टाकी. दुसरं ओढ्याच्या पलीकडे. वडील गेले तेव्हा श्रावण होता, ओढ्याला कमरेएवढं पाणी. तिरडी डोक्यावर धरून आम्ही चौघं उतरलो, पाचवा पुढे काठीने तळ चाचपत होता. पलीकडे शेड नाही, म्हणून चितेवर पत्रा धरून उभे राहिलो. शेडचं स्मशान शे-दीडशे पावलांवर दिसत होतं, रिकामं. कुणी जा म्हणालं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

म्हणून तो दगडावरचा मजकूर मी दहा वेळा वाचला. त्या माणसाला कुठेही जागा मिळाली असती. पैसा होता, नाव होतं. तरी त्याने नियम वाचले आणि नको म्हणाला.

रानवारा
गोदाकाठ दादा, काय लिहू कळत नाही. नमस्कार.

देशमुख_आजोबा
गोदाकाठ, तुमच्या वडिलांना आदरांजली.

याच संदर्भात महात्मा फुले आठवतात. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली ज्यांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. स्टीव्हन्सला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. आणि १८६८, म्हणजे तो गेला त्याच वर्षी, जोतिरावांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. दोघांना एकमेकांचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. जोतिरावांनीही आपला देह मिठात पुरावा असं मृत्युपत्रात लिहिलं होतं. नगरपालिकेने घराजवळ पुरायला परवानगी दिली नाही, म्हणून २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेल्यावर दहन करावं लागलं. टिटवं सावित्रीबाईंनी धरलं.

पुस्तकवेडी
आता मूळ प्रश्नावर येते. १४ व्या दुरुस्तीत काय अपुरं होतं? एक, काळ्या पुरुषांना थेट मत दिलं नाही, फक्त मत नाकारणाऱ्या राज्याचे प्रतिनिधी कमी होतील असं म्हटलं. दोन, त्याच कलमात अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्यांदा 'पुरुष' हा शब्द घातला. स्त्रियांच्या मतासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी त्यावर संतापल्या होत्या, आणि मला त्यांचा संताप योग्य वाटतो. स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मतासाठी १९२० उजाडलं. म्हणून माझं उत्तर पूर्ण होकाराचं नाही.

वकीलसाहेब_सातारा
माझं होकाराचं आहे. 'कायद्याचं समान संरक्षण' ही शब्दरचना मुख्यतः खासदार जॉन बिंगहॅमची, पण ती सभागृहातून पार नेली स्टीव्हन्सने. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या त्या याच शब्दांवर. आपल्या राज्यघटनेच्या कलम १४ मध्येही तेच शब्द आले. क्रमांक सारखा निघाला हा योगायोग, शब्द सारखे हा नव्हे. तीस वर्षं कोर्टात मी ते कलम वाचून दाखवतोय. तो जून १८६६ मध्ये अडून बसला असता तर हे वाक्य कागदावर आलं असतं का?

गोदाकाठ
वकीलसाहेब, ते वाक्य आमच्या ओढ्यापर्यंत अजून यायचंय. पण आहे म्हणून मागता येतं. ग्रामसभेत मी ते कलम मोठ्याने वाचलं होतं. पुलाचा ठराव झाला. शेडचा अजून नाही. पुढच्या ग्रामसभेत पुन्हा वाचणार.

मुळशीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. माझंही उत्तर होकाराचंच, आणि त्याचं कारण जून १८६६ नंतरच्या तारखांमध्ये आहे. मार्च १८६७ मध्ये पुनर्रचनेचा कायदा झाला, त्याने दक्षिणेत काळ्या पुरुषांना मत मिळालं. त्याच महिन्यात चाळीस एकरांचं विधेयक. मृत्युपत्रात अनाथ मुलांच्या शाळेसाठी पैसे, अट एकच, वंश किंवा रंग बघायचा नाही. त्यातून उभं राहिलेलं तंत्रशिक्षणाचं कॉलेज लँकेस्टरमध्ये आजही चालू आहे. कमी मिळालं त्या दिवशी तो घरी जाऊन बसला नाही. @पुस्तकवेडी, 'पुरुष' शब्दाबद्दल तुमचं म्हणणं मात्र मला मान्य आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सुमेधा_क
माझी मुलगी फिलाडेल्फियात शिकते. तिला पाठवू का बघायला? गाडी नाही तिच्याकडे.

मुळशीकर
@सुमेधा, जरूर. फिलाडेल्फियाहून लँकेस्टरला थेट रेल्वे आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. मजकूर कबरीच्या दगडावरच कोरलेला आहे, अक्षरं झिजली आहेत, सकाळच्या तिरक्या उन्हात नीट वाचता येतात. लिडिया स्मिथची कबर त्याच गावात, पण दुसरीकडे, सेंट मेरीच्या कॅथलिक दफनभूमीत आहे. तिलाही जायला सांगा. मी गेलो नव्हतो, या रविवारी जातोय.